शालिकरामचा सवाल

"मास्तर, एक सवाल हाये," गर्दीतून शालिकराम पाथरवट म्हणाला, आणि केशवरावांचा उपदेश मध्येच थांबला.

अकोल्याचा रविवारचा बाजार होता. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. हिवरखेडकडचे शेतकरी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून गाड्या हाकत होते. अशा गजबजाटात चिंचेखाली उभं राहून केशवराव दर रविवारी ख्रिस्ताचा उपदेश करत. लोक ऐकत, कारण ते फुकट होतं.

"विचार की," केशवराव म्हणाले.

"तुमचा देव सारं करू शकते म्हंता. दयाळूबी हाये म्हंता. मंग मायबापानं गुडघे टेकून मांगतलं, तरी त्यानं त्याइचं लेकरू काहून नेलं? त्याले जमलं नाई, का त्याच्या मनात नोतं?"

लोक पुढे सरकले. उपदेश करणाऱ्याला घाम फुटलेला पाहायला लोकांना भारी आवडतं.

पाच वर्षांपूर्वी केशवराव तेल्हाऱ्याला शाळामास्तर होते. दगडाला नैवेद्य पोचतो कसा, असं विचारून त्यांनी आपल्या बापाला गप्प केलं होतं. म्हातारा ताट उचलून आत गेला होता. बुद्धीला पटलं म्हणून केशवरावांनी धर्म बदलला, हे ते सगळ्यांना अभिमानानं सांगत. आज बापावर उगारलेली काठी त्यांच्याच पाठीत बसली होती.

त्यांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं. "पुढच्या रविवारी सांगतो," एवढंच तोंडातून निघालं.

"देवाले इचारून येते वाट्टे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. शालिकराम मात्र हसला नाही. केशवरावांकडे क्षणभर पाहून तो "बरं, मास्तर" म्हणाला आणि विकायला आणलेला पाटा तसाच खांद्यावर टाकून भरल्या बाजारातून निघून गेला.

संध्याकाळी केशवराव पाद्रीसाहेबांच्या बंगल्याकडे निघाले. बाजाराची हकीकत सांगायचा दर रविवारचा रिवाज होता. पण आजचा रविवार वेगळा होता. अमरावतीला मिशनचं नवं ठाणं उघडायचं होतं आणि तिथे कोणाला नेमायचं ते साहेब याच आठवड्यात ठरवणार होते. एका पाटेवाल्यापुढे ज्याची वाचा बसली, त्याला कोण नेमणार? वाटेवर ओळखीचं कुणी दिसलं की केशवराव मान खाली घालत होते. लाजेनं त्यांना अगदी मेल्यासारखं झालं होतं.

साहेब ओसरीवर बसले होते. भादव्यात त्यांचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला. मडमसाहेब मुंबईला निघून गेल्या. तेव्हापासून साहेब बाजारात उपदेशाला उभे राहिले नव्हते. आज त्यांनी आपल्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडून ठेवली होती. केशवराव नेहमी सतरंजीवर बसत.

"इथे बसा," साहेब म्हणाले. "कसा झाला बाजार?"

केशवराव खुर्चीच्या कडेवर टेकले. "एका पाथरवटानं जरा अवघड प्रश्न विचारला, साहेब."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. 'मला उत्तर आलं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढे अमरावती उभी राहिली.

"समजावलं त्याला," केशवराव म्हणाले. एक खोटं निघालं की त्याला सोबत लागते. "म्हटलं, मिरचीचं रोप शेतकरी वाफ्यातून उपटतो आणि मोठ्या शेतात लावतो. वाफ्याला वाटतं, नेलं. शेतकऱ्याला ठाऊक असतं, कुठे लावलं. तसंच लेकराचं."

"मग?"

"पाथरवटाच्या डोळ्यांत पाणी आलं, साहेब. म्हणाला, मास्तर, पटलं."

"पटलं म्हणाला?"

"हो."

 साहेब उठले.

"तुम्ही अमरावतीला जा, केशवराव. परवाच निघा."

एवढं बोलून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

मनासारखं झालं होतं, पण केशवरावांना एक धास्ती राहिली होती. शालिकरामची आणि साहेबांची कधी गाठ पडली तर? सकाळी उठून ते पाथरवटाच्या झोपडीकडे गेले. एका गरीब माणसाला गप्प राहायला सांगायचं, या कामाची त्यांना मनस्वी लाज वाटत होती.

शालिकराम छिन्नी चालवत बसला होता. पुढ्यात पाटा नव्हता. लहानशी पांढरी फरशी होती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. केशवरावांनी वाचली. साहेबांच्या मुलाचं नाव होतं. खाली दोन ओळींची जागा कोरी होती.

"हे तुझ्याकडे कसं?"

"सायबानं देलं, महिना झाला. तिथं देवाचं वचन टाकाचं हाये, पन त्याइचं मन होऊन नाई राह्यलं." शालिकराम अक्षरावरची धूळ फुंकत म्हणाला. "कालचा सवालबी त्याइचाच होता, मास्तर. सायब मले म्हने, तू इचार. मी सोता इचारलं तं केशवराव मले बरं वाटावं म्हनून बोलन. बाजारात खरं बोलन."

केशवराव त्याच्यापुढे वाकले. इतक्या वर्षांनी गावची बोली त्यांच्या तोंडातून निसटली. "मंग तू त्याइले सांगतलं काय? कवा?"

"कालच, दुपारच्याले. मास्तरले उत्तर आलं नाई म्हनून सांगतलं." शालिकरामनं छिन्नी खाली ठेवली. "सायबाले लई बरं वाटलं, मास्तर. म्हने, खोटा दिलासा न देनारा एक तरी मानूस भेटला. सांजच्याले तो आला का शेजारी खुर्ची टाकतो, अन् पह्यल्यांदा कोनापाशी तरी लेकराचं बोलतो."