भिंतीवरचा ठिपका

"मान वळली!" केरू हवालदार गरजला आणि निरगुडीचा फोक पायलच्या पोटरीवर बसला. "सात मिन्टं! परत पयल्यापास्नं!"

पायल पोटरी चोळत म्हणाली, "आबा, आडाच्या दोराचा पीळ उलगडलाय. मी त्येच बघत हुते."

"दोर बघाय बसवलंय व्हय तुला? ठिपका बघ!" आणखी एक फोक.

ठिपका कोळशाचा, रुपयाएवढा, समोरच्या भिंतीवर. पायल आठ वर्षांची. जगातलं सगळं तिला दिसायचं. दूध उतू जायच्या आधी दिसायचं, आबाच्या बुटातला विंचू तिलाच दिसला होता. फळा तेवढा दिसायचा नाही. शेवटी लालासाहेब गुरुजींनी केरूला शाळेत बोलावून सांगितलं, "हवालदार, पोरगी तासभर एका जागी बसलेली मला दाखवा. नाहीतर दाखला घेऊन जा."

केरूनं लेकीला कुंडलहून एसटीनं सांगलीला नेलं. डॉक्टरनं कागदावर रेघांचं जाळं काढलं. म्हणाला, "मेंदूतले हे रस्ते लहानपणी जोडले जात असतात. लक्ष धरून ठेवणारे रस्ते हिचे सावकाश जोडले जातायत. मारून नाही व्हायचे. थोडं थोडं काम द्या, मधे उठू द्या."

केरूनं कागदाची घडी घातली आणि घरी येऊन खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली सारली.

"सतरा वर्सं पलटणीत काढली, भामे," तो बायकोला म्हणाला. "तितं आमी सा म्हैन्यात रेड्याला सलाम ठोकाय शिकिवलंय."

कवायत सोपी होती. पायलनं ठिपका बघायचा आणि भामाबाईनं मागच्या दारातनं ओरडायचं. पहिल्या दिवशी 'आग लागली!' पायल कळशी घेऊन धावली. फोक. दुसऱ्या दिवशी 'साप!' ती काठी घेऊन धावली. फोक. तिसऱ्या दिवशी 'मला इंगळी चावली गं!' तर पोरगी चिरलेला कांदा घेऊनच हजर. त्या दिवशी दोन फोक.

"आवं, लेकराला किती खोटं सांगायचं?" भामाबाई पदर डोळ्याला लावायची. "रडाय येतंय मला."

"येऊ दे की. रडल्याबिगर खरं वाटत न्हाई."

महिनाभरानं हाक ऐकून पोरीचा फक्त कान हलायचा. कानाला केरूनं माफी दिली.

रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून गुरुजींना आणायला निघाला. पायल ठिपक्यासमोर बसली होती.

"भामे, मी नसतानाच हाका मार. कवा आन् काय, तुजं तू ठरीव. आज खरी परीक्षा हाय."

"मारते. त्यो दोर तेवढा बदला की आवं."

"आल्यावर."

गुरुजींनी आधी पूजा उरकली, मग धोतर बदललं. दोघं आले तेव्हा घड्याळात एक तास आणि वर दहा मिनिटं झाली होती. पायल तशीच. मांडी तीच, मान सरळ. गालावर माशी बसलेली, तीही हाकलली नव्हती.

गुरुजींनी मुद्दाम छत्री फरशीवर आपटली. पायल हलली नाही. कानसुद्धा नाही.

गुरुजींनी छत्री काखेत मारली. "मानलं, हवालदार. ही आमच्या वर्गातलीच पोरगी ना? दाखला राहू द्या. उद्या पाठवा शाळेत."

डॉक्टरचा कागद गुरुजींना दाखवून हसावं असं केरूच्या मनात आलं.

"भामे, च्या टाक! गुळाचा न्हाई, साखरंचा!" तो स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "उठ, माजी वाघीण. आयनं हाका मारल्या का न्हाई?"

पायलनं ठिपक्यावरची नजर काढली. महिन्यात पहिल्यांदा ती हसली.

"मारल्या की. लय येळ मारल्या. पर मी फसले न्हाई, आबा. आज तर ती आडात उतरून वरडत हुती."