सातवा नियम

पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचे फोन आता यंत्र घ्यायचं. त्या यंत्राने लोकांशी वाद कसा घालावा, याचे नियम लिहिणं ही एका तरुणाची नोकरी. ओरडायचं नाही, जुनं उकरून काढायचं नाही, असे माणसांना कधीच न जमलेले सहा नियम त्याने लिहून दिले होते.

तरी एक गृहस्थ रोज फोन करायचे आणि पाणी सहाऐवजी सातला सोडा म्हणून यंत्राशी चाळीस-चाळीस मिनिटं भांडायचे.

"लाइन अडते रे," साहेब कंटाळून म्हणाले. "काहीतरी कर."

त्याने सातवा नियम लिहिला : पहिल्याच मिनिटाला 'तुमचं बरोबर आहे' म्हणावं आणि फोन ठेवावा.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला.

"पाणीवाल्यांच्या त्या यंत्राशी वाद जिंकलो रे आज," ते पडेल आवाजात म्हणाले.

"मग चांगलंच झालं की, बाबा."

"कसलं चांगलं? आधी ते माझं सगळं ऐकून घ्यायचं, मग एकेक मुद्दा खोडायचं. संध्याकाळ कशी सरायची, कळायचंही नाही."

 

"आता तेही तुझ्यासारखंच," वडील म्हणाले, "'तुमचं बरोबर आहे' म्हणून फोन ठेवून देतं."