सॉनाचं पथ्य

मूल व्हावं म्हणून तूलिक्कीनं गोळ्या सुरू केल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पथ्यं बजावून सांगितली. "वाइन बंद. डोळ्यांपुढे अंधुक झालं तर गाडी चालवायची नाही. आणि नवऱ्याला सॉनात अजिबात पाठवू नका. तुम्ही इकडे गोळ्या घ्याल आणि तिकडे वाफेत त्याचं बी उकडून निघेल!"

शनिवारी सासऱ्यांनी सॉना तापवला आणि हाक मारली, तरी इल्मारी कॉफीच्या टेबलाशी बायकोला चिकटून बसून राहिला. कारण ऐकल्यावर सासरे भडकलेच.

"कसली ही थेरं! मी जन्मभर सॉनात बसतोय, तरी तू झालासच ना? आणि शेजारचा तो दमेकरी उर्हो बघ. वाफ सोसत नाही म्हणून आयुष्यात कधी सॉनाची पायरी चढला नाही. झालं का त्याला एक तरी पोर?"

टॉवेल खांद्यावर टाकून, दार आपटून ते एकटेच निघून गेले.


कॉफी ओतता ओतता सासूबाई तूलिक्कीच्या कानाशी वाकल्या.

"झालं की. तेच बसलंय तुझ्या शेजारी."