बाबांसाठी समूहगान

“उद्यापासून तू नुसते ओठ हलव,” दादाने बायकोला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे नाही, शेगडीकडे बघत होता.

“म्हणजे बेसूर गातेय ती मी?”

“तसं नाही. आवाज चांगलाच आहे तुझा. फक्त तो गाण्यात नको.”

बायकोने शेगडी बंद केली. त्या दिवशी सगळे कालचंच जेवण जेवले.

बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. जन्मभर त्यांनी शाळेत गाणं शिकवलं. वर्गाकडे पाठ असतानाही चाळीस पोरांमधून बेसूर पोर अचूक हुडकायचे. गेल्या वर्षी दृष्टी गेली आणि आपण आता कोणालाच नको आहोत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. समजूत घालून उपयोग होईना. म्हणून वाढदिवसाला सगळ्या घराने मिळून, त्यांनीच चाल लावलेलं गाणं अचानक म्हणायचं, असं ठरलं.

पुढारपण दादाकडे आलं. तो कान तपासायच्या दवाखान्यात कामाला होता. लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं आणि ‘पीं’ ऐकू आलं की बोट वर करायला सांगायचं. त्याचे स्वतःचे कान तर मशीननेच पास केलेले. लहानपणी बाबा भावंडांना गायला बसवत, तेव्हा दादाला दारावर उभं करत. असं काम भरवशाच्या माणसालाच देतात.

तालमीत दादा खड्या आवाजात सुरुवात करून द्यायचा, बाकीचे त्याच्यामागून. आणि रोज कोणीतरी बेसूर लागायचं. दाताखाली खडा यावा तसं दादाला व्हायचं.

बायको गप्प झाली तरी खडा होताच. मग त्याने धाकट्या भावाला जिन्यात गाठलं.

“ऑफिसात साहेब गप्प बसवतात, घरी बायको,” भाऊ म्हणाला. “तूच काय तो बाकी होतास.”

“कोणाला सांगू नकोस.”

मग भावजय. मग जावईबापू. “तरी मला वाटलंच,” म्हणत त्यांनी दादाची पाठ थोपटली, त्याने तर दादाला जास्तच लाज वाटली. आपल्याच माणसांची तोंडं बंद करत हिंडायचं, तेही वाढदिवसासाठी. दर वेळी त्याचे ते पास झालेले कान लालबुंद व्हायचे.

शेवटच्या तालमीला खरं गाणाऱ्या दोघीच उरल्या. बहीण आणि आत्या. खडा तरीही होताच.

“दोघींपैकी एक आहे,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला. “नाव घेत नाही. जिचं तिला कळत असेल.”

“मी का रे?” आत्याने विचारलं. “सांग की मेल्या. या वयात कोण मला रडवणार आहे?”

बहीण रुमालाची घडी घालत राहिली. घालायची, मोडायची, परत घालायची.

वाढदिवसाला सगळे चपला बाहेर काढून, श्वास रोखून बाबांच्या खोलीत शिरले. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दादाने बोट वर केलं आणि सुरुवात केली. ओळीने सगळ्यांची तोंडं उघडली.

आणि खडा नव्हता.

दादाने कान देऊन ऐकलं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, कुठे म्हणून खटकलं नाही. जी कोण होती, तिने मनावर घेतलं होतं. दादाला भरून आलं. एवढ्या जणांना दुखावलं, त्याचं चीज झालं होतं. इतक्या दिवसांची शरम उतरली आणि त्याने डोळे मिटून, छाती भरून शेवटची ओळ घेतली.

गाणं संपलं. बाबांनी हळूहळू टाळ्या वाजवल्या आणि हात पुढे करून चाचपून पाहिलं. दादाने आपला हात दिला.

“तू एकटा का होईना, आलास,” बाबा तो हात थोपटत म्हणाले. “बाकीच्यांना कुठला वेळ.”