सेवेचा पुरावा

"सहा विषय, चार हजार शब्दांचा निबंध आणि समाजसेवा," विनिताने आईला आयबी डिप्लोमा समजावून सांगितला. "सेवा नाही झाली ना, तर मार्क कितीही पडू देत, डिप्लोमा नाही."

"मग कर की सेवा."

"अगं, मढच्या कोळणींना सही करायला शिकवणार, असं आमच्या ग्रुपने लिहून दिलंय. पण आपल्या कोळीवाड्यात अंगठाछाप कोणी उरलंच नाही."

कोलंबी सोलता सोलता कमळ हसली. ती स्वतः दहावी पास होती. विनिताच्या शाळेचा स्कॉलरशिपचा फॉर्मही तिनेच भरला होता.

"तू बसशील शिकायला?" विनिताने विचारलं. "शाळेत बाबाच येतात. तुला कोणी ओळखत नाही."

रविवारी कमळ पाटी घेऊन ओट्यावर बसली. विनिताने "मावशी, मावशी" करत तिचा हात धरून क गिरवून घेतला. ग्रुपमधल्या एकीने व्हिडिओ काढला. "वाकडा काढ," विनिता कानात पुटपुटली. कमळने वाकडा काढला. तासाभराने पाटीवर पूर्ण नाव उमटलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोबत आलेल्या मॅडमना अगदी भरून आलं. "मावशी, आता घरी मुलांनाही शिकवा हं. किती मुलं तुम्हाला?"

कमळने विनिताकडे पाहिलं. मॅडमच्या पाठीमागून विनिताने घाईघाईने मान हलवली. नाही, नाही.

"एक मुलगी होती," कमळ म्हणाली.