दाराकडे तोंड केलेले बूट

लाटेने खालचं गाव नेलं, त्यात माझी धाकटी बहीण सावाही गेली. मग गाळ उपसायला परदेशातून पोरं आली. त्यातला योस्ट माझ्याकडे उतरला होता.

सावाच्या घरातल्या गाळात तिचा कासवाच्या पाठीचा कंगवा सापडला. योस्टने तो पुसून खिशात टाकला.

"तो सावाचा आहे. ठेव परत," मी म्हणाले.

"आठवण म्हणून नेतो, आजी. मेलेल्या माणसाला कंगवा कशाला?"

पाहुण्याचे बूट आम्ही दाराकडे तोंड करून ठेवतो, म्हणजे त्याला निघताना सोपं पडतं. त्या दिवसापासून मी वळवून ठेवलेले योस्टचे बूट रोज सकाळी घराकडे तोंड करून असायचे. आत खारं पाणी असायचं.

"चेष्टा पुरे, आजी," तो हसायचा. मी पाणी ओतून बूट पुन्हा वळवायची.

जायच्या दिवशी मी शेवटचं विचारलं, "कंगवा?"

"बॅगेत तळाशी गेला. आता कुठे उचकत बसू?"

मग मीही बूट वळवले नाहीत.

तो पायरीवर बसला, एका बुटात पाय घातला आणि तसाच थांबला.

"आजी, आतून कुणीतरी पाय धरलाय."

"सावाच असणार. लहानपणापासून आपली वस्तू सोडत नाही," मी म्हणाले आणि दाराला आतून कडी घातली.