तीन हाका

"सर, नवा होस्ट लायसन्स घेईना!" फोनवर निशिगंधाचा आवाज चिरकला. "त्याच्या फुकट वापराची मुदत काल संपली. आता त्याच्यावरचं एकही मशीन सुरू होत नाही. चंदगडकडची पोरं परीक्षेला बसलीत आणि पडदा कोरा!"

उदयसिंहांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. आज कुणाचाच फोन घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण हा प्रश्न सुटण्यासारखा होता, म्हणून घेतला.

"आधी घोटभर पाणी पी. हाफिसात कोण हाय?"

"मी एकटीच. तुम्ही दुसऱ्या साइटवर आहात का? मागं मशीनचा आवाज येतोय."

"व्हय. इथलं बी एक काम हाय."

समोर काचेपलीकडे गारठ्यात हिरवे दिवे लुकलुकत होते. चपला काढूनच आत जायचं, असा तिथला नियम. ते दारातच उभे होते. हातातल्या किल्ल्यांना अडकवलेला छोटा फुटबॉल अंगठ्यानं फिरवत होते. शेजारच्या बाकावर घरून आलेला डबा न उघडता पडला होता.

होस्ट म्हणजे एक दणकट सर्व्हर. त्याच्या पोटात बरेच कॉम्प्युटर वेगवेगळे असल्यासारखे चालतात. लायसन्स लागतं ते त्या होस्टच्या नावावर. चंदगडकडच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे होस्ट दोन होते, एक जुना आणि एक नवा. लायसन्स मात्र एकच.

"नंबर परत टाकून बघितलास?"

"चारदा! 'वापरात आहे' म्हणतोय."

"मग रागावतीस कशाला? खरंच सांगतोय की तो. कुणाच्या नावावर हाय, बघ."

पलीकडे कळा वाजल्या. "जुन्याच्या. पण सर, जुन्यावर काहीच चालत नाही. परवा बिघडल्यावर त्याच्यावरचं सगळं मी नव्यावर आणलं."

"सगळं आणलंस, लायसन्स तिथंच राहिलं."

"मग काढू?"

मागून पद्मजा मॅडम आल्या. इथलं सगळं त्याच बघत होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "घाई करत नाही, साहेब. पण पुण्याचे लोक तुमच्या होकारासाठी थांबलेत."

त्यांनी हातानंच 'जरा थांबा' अशी खूण केली.

"सर? ऐकताय ना?"

"जुना बंद हाय का चालू?"

"चालूच दिसतोय. दिवे लागलेत, पंखा फिरतोय. हात लावला तर गरम आहे."

"गरम हाय म्हणजे हाय, असं न्हाय पोरी." त्यांनी फोन पुन्हा पहिल्या कानाला नेला. "आपली रीत काय?"

निशिगंधा हसली. नवी आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला हे शिकवलं होतं. कुठल्याही होस्टचं काही काढून घेण्याआधी त्याला नावानं तीनदा हाक द्यायची, म्हणजे कॉम्प्युटरवरून 'आहेस का' असा संदेश धाडायचा. मध्ये थांबायचं. त्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. यादीत तांबडं दिसलं म्हणून घाईनं काढायचं नाही.

"पोरं खोळंबलीत सर, आणि तुम्ही हाका मारायला सांगताय!"

"मार. त्याचा हक्क हाय तो."

तिनं हाक दिली. उत्तर नाही. थोडं थांबून परत दिली. नाही.

"तुमच्या हातचा आहे म्हणून तुमचा जीव अडकलाय," ती चिडवत म्हणाली. "खरं की नाही?"

"खरं हाय. लहानाचा मोठा केलाय."

तिसरी हाक गेली. दोघंही थांबले. काचेपलीकडचा आवाज एका लयीत चालू होता.

"काही नाही सर."

"काढ त्याला यादीतनं. लायसन्स मोकळं हुईल. ते नव्याला दे."

कळा वाजल्या. मग निशिगंधा ओरडलीच, "लागलं! मशीनं उठली सर! थांबा, शाळेतनं मेसेज आला... पेपर उघडले! सगळ्यांचे उघडले! पोरं लिहायला लागली!"

उदयसिंहांनी डोळे मिटले. "शाब्बास. बघ, एकाचं अडकून पडलं होतं, ते किती पोरांच्या कामी आलं."

"आता जुन्याची वीज काढू?"

"आता काढ. पण हळू काढ."

"सर, तुमचा आवाज असा का येतोय? जेवलाय का?"

"जेवतो. ठेव तू."

त्यांनी फोन खिशात टाकला. किल्ल्या मात्र हातातच राहिल्या.

"पूर्णिमाला विचारलंत?" त्यांनी पद्मजा मॅडमना विचारलं.

"त्या म्हणाल्या, 'हे म्हणतील तसं.' त्यांना आत यायला होत नाही."

त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले. वाकून हात ठेवला. गरम होतं.

"बंडू," त्यांनी हाक मारली. थांबले.

"बंडू."

पुन्हा थांबले. तिसरी हाक त्यांनी जरा मोठ्यानं मारली, संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून खेळ सोडून जेवायला चल म्हणावं तशी. आणि बराच वेळ, खूपच वेळ, तसेच वाकून उभे राहिले.

मग पोराच्या कपाळावरचा हात त्यांनी हळूच उचलला आणि पलंगापलीकडच्या डॉक्टरांकडे न बघता म्हणाले, "पुण्याच्या पोराला द्या ह्याचं काळीज."